एकाच रक्ताची सोयरीक

माय, आज तुझ्या नातीला दवाखान्यात एक इंजेक्शन दिलं. त्याला जेवढे पैसे पडले, तेवढ्यात माझ्या दुकानात पाण्याची एक जळकी मोटार नवी तार गुंडाळून भरून होते. तेवढ्याशा वस्तूवाचून तुझी तीन लेकरं गेली.

पोरीला सातवा महिना चालू आहे. तिचं रक्त निगेटिव्ह, जावयाचं पॉझिटिव्ह, म्हणून ही सुई. पण त्याआधी एक शहाणपण ऐक. लग्नाच्या वेळी बोरीकडचं एक स्थळ आलं होतं. घर खातंपितं, देवक वेगळं, पोरीलाही मुलगा आवडलेला. मग मुलाचे मामा, कॉलेजात शिकवणारे, खिशाला दोन पेनं, म्हणाले, "रक्त तपासू." मला बरं वाटलं, म्हटलं माणूस जाणता दिसतोय. रिपोर्ट आले, दोघंही ओ निगेटिव्ह. आम्ही बैठकीत पोहे खातोय आणि मामा ओसरीवर मुलाच्या बापाच्या कानाला लागलाय. रस्त्यापलीकडच्या मोटारीचं बेअरिंग वाजायला लागलं तर मला गल्ल्यावर बसून कळतं, तिथं मामाची कुजबुज काय चीज!

"दाजी, एकच रक्त हाय दोघांचं. म्हंजी भाऊ-बहीणच की! एक देवक चालत न्हाई, मंग एक रक्त कसं चालंल? लेकरं पांगळी निघतील."

"अन् पोरगी लय आवडली हो सगळ्यांला."

"आवडून काय करता? वंश बुडंल."

आत येऊन म्हणाले, यंदा मुहूर्त जमत नाही. मी म्हटलं, "मामासाहेब, मुहूर्त का रक्त?" पोहे त्याच्या घशात अडकले. पाणी मीच दिलं. पोरगी मात्र कितीतरी दिवस नीट जेवली नाही.

परभणीच्या डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं तर त्या हसल्या आणि मग हळहळल्या. "गट एक असल्यानं काहीच बिघडत नाही हो. आणि दोघंही निगेटिव्ह म्हणजे तर बिनघोर जोडी. बाई निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह असला तरच जपायचं, त्यालाही आता इंजेक्शन आहे." म्हणजे हजारांत एखादं जुळावं असं जुळलेलं, ते ह्या दोन पेनांच्या गाढवानं देवकाच्या मापानं मोजून मोडलं! पुढं पिंगळीचं स्थळ आलं. मी सगळं उघड सांगितलं. विहीणबाई तिसरी शिकलेल्या, म्हणाल्या, "सुई तर सुई. आमी कापसाला फवारा मारतोच की, दादा."

अडाण्यांचं मी समजू शकतो, माय. पण आपल्या घरातल्यांचं बोलणंही विसरलो नाही. माझ्यामागची तिघं हळदीसारखी पिवळी पडून आठवड्याच्या आत गेली. आत्या चुलीपुढं उभी राहून म्हणायची, "हिचं दूधच इखारी." तू भाकरी थापते आहेस, बा ओट्यावर बसून हे सगळं ऐकत सुपारी कातरतो आहे. अशा बापाचं नाव मी दुकानाच्या पाटीवर लावलं नाही, ते बरंच केलं. आत्या गेली की तू मला जवळ ओढायचीस, "माझा एकलाच वाघ. लय टणक हाय माझं लेकरू." ते मी आयुष्यभर मिरवलं. गिऱ्हाइकाला चहा पाजताना सांगत आलो, "चौघांत एक मीच टिकलो. जन्मताच टणक, म्हणून तर एका पान्यावर दुकान उभं केलं."

आज पोरीला सुई देऊन झाल्यावर डॉक्टरीणबाईंना तुझ्या लेकरांचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "तुम्ही पहिले?" हो म्हटलं. "मग तुमच्या आईही निगेटिव्ह असणार. बाळंतपणात पहिल्या बाळाचं रक्त आईच्या अंगात मिसळतं आणि मग ते अंग पुढच्या बाळांवर उठतं. दुधाचा काही संबंध नाही."

हे आत्याला ऐकवायचं होतं, तर ती कधीच गेली, आणि आता तूही नाहीस. तुला अक्षर ओळखता येत नव्हतं, तरी लिहिलं. हा कागद गल्ल्यात खाली ठेवतो. कालच एका नव्या गिऱ्हाइकाला मी टणकपणाची गोष्ट सांगितली होती. मी पहिला होतो, माय. पहिलं लेकरू बहुतेक वाचतंच.