तोकडं माप

ता. ५ जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पार्सल काल मिळालं. ट्रॅकसूट झकास आहे, रंग तर असा की शेजारच्या खोलीतल्या मुलीही हात लावून बघून गेल्या. फक्त मी पँट घातली आणि माझ्या खोलीतली मुलगी हसता हसता पलंगावरून खाली आली. ती गोळाफेक करते आणि हसतेही तशीच, दणका देऊन. पँट माझ्या पोटरीशी येऊन थांबलीय. कापड संपलं होतं का रे?

धाव मोजायची तुझी लांब नाडी मात्र इथे प्रसिद्ध झाली. उंच उडीच्या खांबापासून ती जमिनीवर ताणायची आणि जिथे संपेल तिथून धाव सुरू करायची, दुकानामागे आपण करायचो तसंच इथेही केलं. सगळ्यांनी विचारलं, हा कुठल्या राक्षसाचा पायजमा? मी ऐटीत सांगितलं, माझा मामा शिंपी आहे, त्याने आपल्या बंडलातून कापून दिलीय, आणि हिच्याशिवाय मी धावत नाही.

एवढी ऐट करून रोज दांडी पाडतेय, हे सांगायचं राहिलं. महिनाअखेर निवड चाचणी आहे. तेव्हाही दांडी पडली तर या क्रीडा वसतिगृहातली माझी खाट दुसऱ्या मुलीला आणि मी परत तुझ्याकडे काजं-बटणं करायला. मला इथेच राहायचंय, मामा. मामीला नमस्कार.

लोभ आहेच, तो धुण्यात आटू देऊ नये.

तुझा,
नाकतोडा


ता. १० जून

चि. नाकतोड्यास,
अ. उ. आ.

हयातभर मापं घेतली, आजवर माझी एक बाही चुकलेली नाही. पँट तोकडी नाही. तुमच्या धोब्याने ती गरम पाण्यात घातली असणार, त्याला माझ्या वतीने दोन शब्द सुनाव. तुझी मामी म्हणते, पार्सल उघडून लगेच पँट घातली तर मध्ये धोबी आला कुठून? तिला मध्ये बोलायची खोड आहे, तू लक्ष देऊ नकोस.

नाडीचंही तेच. दवाने आटली असेल. दोघींनी दोन टोकं धरून चांगली ताणा. शाळेतली सगळी बक्षिसं तू तिच्यावर मारलीस, ती अशी अचानक खोटी कशी पडेल? आणि परत यायचं मनातही आणू नकोस. तुझ्या स्टुलावर मांजर बसायला लागलंय, ते आता उठणार नाही.

आमच्या मायेची शिवण दुहेरी आहे, निश्चिंत असावे.

तुझा,
मामा


ता. १५ जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

नाडी ताणली. गोळाफेकवालीने असा हिसका दिला की मी न धावताच गादीवर पोचले. नाडी आहे तेवढीच आहे. मग आमच्या प्रशिक्षक बाईंनी मलाच मोजलं. मामा, मी वर्षभरात चार बोटं वाढलेय, आणि ती सगळी पायांत!

बाई म्हणाल्या, ढांगा लांब पडायला लागल्या, म्हणून जुन्या जागेवरून निघालीस की दांडीच्या फार जवळ पोचतेस. मागून सुरुवात कर. किती मागून, म्हणून विचारलं, तर म्हणाल्या तुझे पाय सांगतील. आता पायांना काय तोंड आहे? मागे सरकून धावले तर परक्याच्या घरात शिरल्यासारखं वाटलं. एकदा तर इतकी गोंधळले की दांडीखालून तशीच पलीकडे निघून गेले. सगळं मैदान हसलं, मीही हसले.

पण बाईंची पाठ वळली की मी गुपचूप नाडी काढते. भीती वाटते रे. नाडीच्या टोकाशी उभी राहिले की मागे तुझं मशीन चालू आहे असं वाटतं. तूच नवं माप काढून पाठव ना.

तुझ्या आधाराची सवय झालेला,
नाकतोडा


ता. २० जून

चि. नाकतोड्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मामीने मोठ्याने वाचलं, दुकानात गिऱ्हाईक असताना, ‘चार बोटं’ या शब्दांवर मुद्दाम थांबून. धोब्याला काही बोलली असशील तर माफी माग. खिळ्याला टांगलेल्या तुझ्या मापाच्या जुन्या खाकी कागदी नमुन्यावरून मी तुझी पँट बेतली होती. गल्लीतल्या पोरांची मापं दर खेपेला नव्याने घेतो, आणि आपलंच पोर वाढेल हे डोक्यात आलं नाही.

सगळी कामं बाजूला सारून, घाईघाईत नवी पँट शिवली, ती पाठवतोय. नाडीचं नवं माप मात्र पाठवणार नाही. रागावू नकोस. समोर माप घेतल्याशिवाय मी उशीचा अभ्राही बेतत नाही, आणि तुझे पाय तिथे आहेत. बाईंचं ऐक. नाडी नव्हती तेव्हाही तू स्टुलावरून कपाटावर उड्या मारायचीस, ते तुला कुणी मोजून दिलं नव्हतं.

माझा तुझ्यावर भरवसा आहे, तुझाही असू दे.

तुझा,
मामा


ता. ३० जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

मामीला जवळ बसवून मग हे वाच.

आज सकाळी चाचणीआधी पंचांसमोर संचलन होतं. नवी पँट चढवली, अगदी टाचेपर्यंत! हात सोडला आणि ती सरळ खाली. अरे हयातभर बाही न चुकलेल्या माणसा, तू नाडी घालायलाच विसरलास!

गोळाफेकवालीने सेफ्टी पिन पुढे केली. मी घेतलीही. समोर खुंटीला तुझी लांबलचक नाडी होती. काय वाटलं कुणास ठाऊक, पिन परत दिली, कात्री उचलली आणि नाडी कचकन कापली. पँटीत ओवून गाठ मारली आणि मग कळलं, आपण काय कापलं ते.

उडीच्या वेळी जमिनीवर ताणायला पुरी नाडीच उरली नव्हती. मागे मागे चालत गेले. पाय थांबले तिथे थांबले. दांडी पडली. थोडं आणखी मागे गेले, पुन्हा पडली. आता एकच संधी उरली होती. बाई दूर उभ्या होत्या, नुसत्या माझ्या पायांकडे बघत. मला रडू येत होतं, पण का कोण जाणे, ही जागा बरोबर आहे असंही आतून वाटत होतं. मी जागा बदलली नाही. धावले.

आधी आभाळ दिसलं, मग पाठीखाली गादी लागली. वर पाहिलं तर दांडी नुसती थरथरत होती. मग तीही थांबली. पुढचं नीट आठवत नाही, कारण गोळाफेकवालीने मला उचललं आणि सवयीने फेकणारच होती. मामा, खाट माझी झाली!

मांजराला सांग, स्टूल तुझंच.

तुझा,
नाकतोडा

ता. क. आता तू तिसरी पँट शिवायला घेणार, मला माहीत आहे. नाडी आठवणीने घाल. आणि खालच्या दुमडीत भरपूर कापड ठेव, मामा. मला अजून वाढायचंय.