पांढरे कपडे की कंपनीचा शर्ट

सोम. १२ जाने.
कर्जतच्या दवाखान्यातून फोन. रुग्णांच्या मदतीला स्वयंसेवक हवेत, गुरुवारी मुलाखतीला या. साजगावच्या कंपनीतून रिटायर होऊन आठ महिने झाले, पहिल्यांदाच कुणीतरी 'या' म्हणालं. सगळ्या कुंभिवलीला सांगून आलो. शेजारचा मारुती म्हणे, "पगार नाय, मंग मुलाखत कशाला रं?" त्याला काय कळणार. पण आता घेतलं नाही तर गावात तोंड दाखवायची सोय नाही.

बुध. १४
घालायचं काय? एकतीस वर्षं करडा युनिफॉर्म. बाकी कपडे लग्नाचे नाहीतर मयताचे. सुमन म्हणाली साधा शर्ट घाला. ऐकलं नाही. पांढरा शर्ट, पांढरी पँट, कांजी, कडक इस्त्री.
"अवो, मुलाखतीला चाललात का सभेला?" बायको असून सुमनची ही भाषा.
आरशात पाहिलं. शोभतो. खोटं कशाला लिहू.

गुरु. १५
फजिती. बाकावर बसलो तर शेजारची बाई उठून उभी. कर्जतजवळच्या कोंडाणे गावाकडची असावी. "बस गं" म्हटलं, तर "नाय सायेब, तुमी बसा." एका म्हाताऱ्याने रस्त्याचा अर्ज हातात दिला. मीही घेतला, वर 'बघतो' म्हणालो. छाती फुगली होती, कबूल.
मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी आतून काचेतून सगळं पाहिलेलं. "काका, इथं आजार सांगायला लाजणारी माणसं येतात. तुमच्यापुढे ती तोंड उघडणार नाहीत. शनिवारी परत या, रोजच्या कपड्यांत."
राग आला. खोपोली येईपर्यंत टिकला. मग पटलं.

शुक्र. १६
रोजचे म्हणजे बनियन आणि लेंगा. ते घालून कसं जायचं? शेवटी कंपनीचा शर्ट. खिशावरचं नाव सुमनने उसवलं. टाक्यांची भोकं दिसतात. दिसू देत. मान खाली घालावी असं काम त्या शर्टात एक दिवस केलेलं नाही.

शनि. १७
दवाखान्यातल्या वॉर्डबॉयचे शर्ट अगदी त्याच रंगाचे. दारातच डॉक्टर खेकसले, "उभा काय राहिलास, स्ट्रेचर घे." घेतलं. कंपनीच्या सेफ्टी टीममध्ये शिकलो होतो माणूस कसा उचलायचा, हात विसरले नव्हते. एक पेशंट एक्सरेला, एक वरच्या मजल्यावर. मुलाखतीची वेळ टळून गेली.
सासूला घेऊन वाडीवरची एक बाई आली होती. कागद घेऊन माझ्याच मागे. "यो कुठं दावायचा रं?" मग हळूच, म्हातारीला लघवीला आग होते, पुरुष डॉक्टरला कसं सांगू? मी जाऊन सांगितलं. सोबत उभा राहिलो.
दीडला मॅडमपुढे, घामाघूम. "शर्ट कुठला?" एवढंच विचारलं. सांगितलं, ताठ उभं राहून. त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. कमिटी बसेल, मग कळवतील म्हणे.
म्हातारीला ठेवून घेतलंय. निघताना ती बाई जिन्यात भेटली.
"उद्या येशील नं रं दादा?"
उद्या रविवार. मला अजून कुणी घेतलेलं नाही. येतो म्हणून आलोय.