उसाला बुजलेली गाडी

३ डिसेंबर, मंगळवार

निलंग्याचं व्याख्यान झालं. विषय संविधान. गर्दी बरी, माईक भिकार. शेवटची पंधरा मिनिटं माईकशिवायच बोललो, तीच चांगली झाली.

परतताना सुनंदा चालवत होती. औशाच्या अलीकडे पुढं उसाची ट्रॉली. ओलांडायला घेतलं आणि गाडी भर रस्त्यात जागच्या जागी थांबली. सु.चा पाय ब्रेकवर नव्हताच. माझा चष्मा उडून काचेवर आदळला. मागं कुणी नव्हतं म्हणून निभावलं.

"बुजली," सु. म्हणाली. "ट्रॉलीबाहेर लोंबणाऱ्या उसाला बुजली. मागच्या आठवड्यात पण हेच केलं हिनं."

ओंकारनं पुण्याहून हट्टानं घेऊन दिलेली गाडी. आईला भौतिकशास्त्राचा क्लास घ्यायला आठवड्यातून दोनदा नांदेडला जावं लागतं, ही गाडी स्वतः बघते, स्वतः ब्रेक लावते, म्हणे. आईबापाच्या डोळ्यांवर पोराचा भरवसा नाही. काचेमागच्या कॅमेऱ्यावर आहे.

५ डिसेंबर, गुरुवार

शोरूमला गेलो. म्हटलं, हे आपोआप ब्रेकचं बंद करून द्या. तिथला सेल्समन अदबीचा.

"बंद होतं की सर. पण गाडी बंद करून परत चालू केली की ते बी परत चालू होतंय. सेफ्टीसाठी हाय ना."

"मग मालक कोण? मी का ती?"

हसला. मग मी बोललो. यंत्राची गुलामी, विकत घेतलेल्या वस्तूवरचा हक्क, सगळंच. बाकीची गिऱ्हाइकंही येऊन उभी राहिली. चहा आला. "सर, लई भारी बोलता. आमच्या वर्धापनदिनाला या."

घरी आल्यावर सु. एवढंच म्हणाली, "तक्रार लेखी दिली का?"

नाही दिली.

१३ डिसेंबर, शुक्रवार

काल दुपारी. सु. एकटीच नांदेडहून येत होती. चाकूरच्या पुढं. तीच गत: बाजूला उसाची ट्रॉली, गाडी मधेच थांबली. मागून मोटारसायकल येऊन आदळली.

माणसाचं नाव माधवराव. नायगावकडचे. मुलगी इथं लातुरात मेडिकल प्रवेशाच्या परीक्षेचा क्लास करते, तिला पीठ आणि डबा घेऊन निघाले होते. डोक्याला मार. इथंच आयसीयूत आहेत.

सु.ला खरचटलंसुद्धा नाही. पिठाची पिशवी फुटून रस्ता पांढरा झाला होता, एवढंच ती पुन्हापुन्हा सांगते.

१५ डिसेंबर, रविवार

माधवराव गेले. पहाटे.

दवाखान्याच्या आवारात त्यांची बायको बसली होती, अनसूयाबाई. मुलगी वैष्णवी तिच्या खांद्याला धरून उभी. सु. जाऊन शेजारी बसली. मी लांबच थांबलो.

१६ डिसेंबर, सोमवार

पो. स्टे.ला सु.चा जबाब. हयगयीनं गाडी चालवून मृत्यूस कारण, असा गुन्हा. तपासी अंमलदार माणूस वाईट नाही, थकलेला आहे.

"मॅडम, बुजायला ती काय म्हैस हाय का?"

"साहेब, ब्रेक मी नाही मारला. गाडीनं मारला."

"मग गुन्हा गाडीवर दाखल करू का? लायसन कुणाचं हाय?"

मी मधे बोललो. त्यांनी ऐकून घेतलं, आणि लिहायचं तेच लिहिलं.

गाडी जप्त. पुरावा म्हणून आवारात उभी करून दारांवर कागद डकवून लाखेचं सील केलं. पंच म्हणून समोरच्या हॉटेलातले दोघं. त्यांनी चहाचे ग्लास बॉनेटवर ठेवून सह्या केल्या.

२७ डिसेंबर, शुक्रवार

आरटीओचे इन्स्पेक्टर तपासून गेले. मग पुन्हा सील. अहवाल: ब्रेक उत्तम स्थितीत.

अहो, ब्रेक उत्तमच आहे! उत्तम नसता तर तो माणूस आज जिवंत असता. ब्रेकला हुकूम कुणी दिला, हे विचारतोय मी. इन्स्पेक्टर म्हणाले, "सर, आमच्या फॉर्मात तसा रकाना न्हाई."

सु.नं क्लासला सुट्टी टाकली आहे. तिच्या जागी नवा मास्तर आला. पोरं खूष आहेत म्हणे, तो विनोद सांगतो.

६ जानेवारी, सोमवार

कोर्टाच्या आदेशानं गाडी सुपूर्तनाम्यावर, मागाल तेव्हा हजर करू असं लिहून देऊन, मिळाली. आमच्यासमोर सील फोडलं. जसंच्या तसं होतं, लाखेला तडाही नाही. ओंकार पुण्याहून आलेला. आत बसून पडद्यावर बोटं फिरवत राहिला, मग थांबला.

"बाबा, इकडं या. हिच्यात नवं सॉफ्टवेअर आलंय. तारीख बघा."

तारीख सील असतानाची. गाडी पोलिसांच्या ताब्यात उभी असताना.

"कुणी टाकलं?"

"कंपनीनं. सगळ्याच गाड्यांत टाकतात, मोबाइलमध्ये येतं तसं. मालकाला विचारत नाहीत. चूक सापडली की गुपचूप दुरुस्त करतात."

अंमलदारांना बोलावून दाखवलं. ते चिडले. "सर, गेटवर माझा माणूस हाय. चिटपाखरू आत गेलं न्हाई."

खरंच गेलं नाही. पुरावा लाखेच्या सीलमागं बसल्या जागी बदलला आणि कुणाचा हात लागला नाही. जो हात कंपनीचा आत पोचतो, तो उद्या दुसऱ्या कुणाचाही पोचेल. हे मी तिथंच मोठ्यानं म्हणालो. शिपाई कौतुकानं ऐकत होते. अंमलदार म्हणाले, "हे मी डायरीत कसं लिहू, ते सांगा."

घरी येताना ओंकारनं मुद्दाम उसाच्या ट्रॉल्या शोधून ओलांडल्या. गाडी गाईसारखी शांत. सु. मागं बसली होती.

"बघा, काही होत नाही हिला," ती म्हणाली. आमच्याशी नाही. स्वतःशी.

१७ जानेवारी, शुक्रवार

कंपनीचं पत्र पोलिसांकडं आलं. गाडीनं आपल्या हालचालींची जी नोंद कंपनीला धाडली, तिच्यानुसार ब्रेक चालकानं पायानं दाबला. यंत्रणेत दोष नाही.

मूळ नोंद मागितली. देता येत नाही, ती कंपनीची मालमत्ता. जुनं सॉफ्टवेअर मागितलं. ते आता कुठल्याच गाडीत नाही.

आमचे वकील देशपांडे, माझे जुने विद्यार्थी. म्हणाले, "सर, समोरचा खोटं बोलत असेल तर उलटतपासणी घेता येते. इथं समोर कुणी उभंच नाही."

१९ जानेवारी, रविवार

सु. स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून उजवा पाय फरशीवर दाबत होती. उचलायची, दाबायची.

"काय करतेस?"

"आठवून बघतेय."

मग म्हणाली, "माझाच पाय पडला असेल का हो?"

मी भडकलो. तूच म्हणालीस बुजली. औशाला मी शेजारी होतो, डोळ्यांनी बघितलं.

"औशाला बघितलं. चाकूरला तुम्ही नव्हता. मी पोरांना तीस वर्षं सांगते, उपकरण काय म्हणतं ते बघा, तुम्हाला काय वाटतं ते नको. उपकरण म्हणतं मी दाबला. उपकरण काही घाबरलं नव्हतं. मी घाबरले होते."

"उपकरण बदललंय, सुनंदा."

"नंतर बदललं. नोंद आधीची आहे."

"ती नोंद दिली कुणी?"

तिनं पुन्हा पाय दाबला.

हजारोंच्या सभा फिरवल्या मी. घरातल्या एका बाईला तिचाच पाय पटवून देता येत नाही.

२६ जानेवारी, रविवार

नांदेडला व्याख्यान. ठरलेला विषय प्रजासत्ताक. सोडून दिला. गाडीवरच बोललो, नाव न घेता. "माझी पत्नी निर्दोष आहे, दोषी ते यंत्र आहे," इथपर्यंत गेलो. किल्लारीही आणली: भूकंपानंतर साहेब लोक म्हणाले होते, तुमच्या दगडमातीच्या भिंतीच वाईट होत्या. तेव्हाही मेलेल्यांची चूक, आजही माणसाचीच चूक. सभागृह उभं राहिलं. किती वर्षांनी असं बोललो.

२८ जानेवारी, मंगळवार

भाषणाची चित्रफीत फोनोफोनी फिरते आहे. निलंगा, उदगीर, परभणीहूनसुद्धा फोन. सु.नं पाहिली. फोन उलटा करून ठेवला.

"किल्लारी कशाला आणली मधी?"

"उदाहरण म्हणून."

"तिथं माझी आई, दोन भाऊ गेले. तुमचं उदाहरण न्हाई गेलं."

चिडली की माहेरची बोली येते तिच्या तोंडात.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज कळलं: सु. दर रविवारी वैष्णवीला भौतिकशास्त्र शिकवायला जाते. अनसूयाबाई गाव सोडून इथंच राहिल्या आहेत, क्लासच्या गल्लीत, लेकीच्या खोलीत. एक कॉट, एक गॅस, भिंतभर सूत्रं. मी म्हटलं, मीही येतो, भेटायला पाहिजे.

"नको. त्या म्हणाल्या, बाई तुम्ही येत जावा, सरांना आणू नका. सर बोलतेत."

२४ फेब्रुवारी, सोमवार

अनसूयाबाईंनी नुकसानभरपाईचा दावा लावला आहे. त्यात आमच्या गाडीच्या विमा कंपनीचं उत्तर आलं. देशपांडेंनी वाचून दाखवलं, मधेच थांबून पाणी प्यायले.

चालकाची हयगय नाही, वाहनातच दोष होता, असं खुद्द चालकाच्या पतीनं जाहीर सभेत सांगितलं आहे. सबब विमा कंपनी जबाबदार नाही. शिवाय मयतानं पुरेसं अंतर ठेवलं नव्हतं. सोबत माझी चित्रफीत.

म्हणजे फौजदारीत गाडीचा दोष नाही म्हणून सुनंदा दोषी. भरपाईत गाडीचा दोष आहे म्हणून विधवेला काही नाही. दोन्हीकडं खरं तेच, जे त्यांना सोयीचं. आणि दुसऱ्या खऱ्याला साक्षीदार मी.

संध्याकाळी अनसूयाबाईंचा फोन. आवाज चढलेला नव्हता.

"सर, तुम्ही टाळ्या घेतल्या. चांगलं झालं. आता माझ्या लेकीला काय सांगू, ते बी सांगा."

उत्तर ऐकायला त्या थांबल्या नाहीत.

२ मार्च, रविवार

सु.नं देशपांडेंना घरी बोलावलं. मला न विचारता.

"मी गुन्हा कबूल केला तर?"

देशपांडेंनी माझ्याकडं पाहिलं. "मॅडम, दंडावर भागेल बहुतेक. पण भागेलच असं मी लिहून देणार नाही. कायद्यात कैद आहे. क्लासवाले ठेवणार नाहीत."

"ते सोडा. त्यांच्या दाव्याचं काय होईल?"

"तुमची चूक तुम्हीच मान्य केली, की विमावाल्यांच्या हातात फार उरत नाही. नाहीतर गाडी कंपनी आणि विमा कंपनी एकमेकांकडं बोट दाखवत बसतील. वर्षं जातील."

ते गेल्यावर मी बोललो. सगळं बोललो. आज तू मान्य केलंस तर उद्या अशी गाडी कुठंही कुणालाही मारेल आणि दोष पायाचा. खोटं बोलून न्याय होत नाही. तुझ्या एका होकारानं गाडी कंपनीवाले सुटतात.

तिनं सगळं ऐकलं. "झालं?"

"झालं."

"खोटं कोण बोलतंय? मला खरंच वाटायला लागलंय, माझाच पाय होता."

तिला खरंच तसं वाटतं, का तसं वाटून घ्यायचं तिनं ठरवलंय? एवढा संसार झाला, ओळखता आलं नाही.

१० मार्च, सोमवार

परवा कोर्टाची तारीख. ओंकारचा फोन: "आईला समजावा बाबा." मी? गाडी आवारात उभी आहे, कुणी हात लावत नाही. आज दुपारी आपली आपण दोनदा दिवे लावून विझली. काही तरी नवं घेत असेल आत.

१२ मार्च, बुधवार

तालुक्याच्या कोर्टाबाहेरच्या बाकावर बसून लिहितो आहे. एसटीनं आलो. बसमध्ये सु. वैष्णवीच्या सराव परीक्षेचा पेपर तपासत होती. म्हणाली, "पोरीचं गणित पक्कं आहे, घाई करते."

अनसूयाबाई व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, पदर घट्ट धरून. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. सु.कडं पाहून मान हलवली. कशासाठी, ते त्या दोघींनाच माहीत.

पुकारा झाला. मी उठलो तर सु. म्हणाली, "तुम्ही बाहेरच थांबा."

"का?"

"तुम्ही आत असलात तर मी तुमच्यासारखं बोलेन. मला माझं बोलायचंय."

तिचं म्हणजे कोणतं, ते विचारायचं राहिलं. दार लोटलं गेलं.

आत कुणीतरी मोठ्यानं वाचतंय. हयगय, निष्काळजी, मृत्यूस कारण. आता थांबलं. न्यायाधीश विचारत असतील, कबूल आहे का?

काही ऐकू येत नाही. देशपांडे दार किलकिलं करून बाहेर डोकावले, माझ्या नजरेला नजर न देता परत आत गेले.