सईचा डान्स क्लास आणि कमरेवरचा हात

रविवार, ८ जून, सायंकाळी सात वाजून दहा मिनिटे. माझ्या लेकानं, विनोदनं, चालू सिनेमा बंद केला. सिनेमात नाचताना पोरानं पोरीच्या कमरेवर हात ठेवला, तशी यानं आपल्या लेकीला, माझ्या नातीला, सईला पाणी आणायला पिटाळलं.

"आई, पोरीले असलं कायले दाखवून राह्यली? हिचा डान्स क्लास बंद!"

कमरेवर हात! नन्सच्या शाळेत शिकलेली मी, आणि हा माझ्याहून कडक?

तो बाहेर गेल्यावर आम्ही दोघींनी उरलेला सिनेमा पाहिला. त्यातला पोरगा पोरीला म्हणाला, नाचाची स्पर्धा सोड, माझ्यासोबत चल. सई टीव्हीवरच ओरडली, "जाऊ नको वं, बावळट!"

हुश्श. पोरीची अक्कल शाबूत आहे. मग कमरेवरच्या हाताचं काय घेऊन बसायचं?

क्लास का बंद, हे विनोदनं उद्या रात्रीच्या जेवणाआधी मला लेखी द्यावं. तोवर सई क्लासला जाणार.