दोस्ताघरचा भूकंप

४ फेब्रुवारी

वकिलातीतून दोघं आले होते. एक पश्चिमेकडचा साहेब, दुसरा त्याचा दुभाषी. सूनबाईनं खुर्चीवरचे वाळलेले कपडे कसेबसे आत लोटले. साहेबाला एकतीस वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारची हकिकत हवी आहे — आमच्या भूकंपमापन केंद्रातली. सीमेपलीकडच्या देशानं त्या दिवशी जमिनीखाली अणुबॉम्ब उडवून पाहिला, हे आता त्यांना जगाला सांगायचंय. साक्ष द्यायला जिवंत उरलेला मी एकटा!

मी म्हटलं, आमच्या दप्तरात तर तो भूकंप आहे. साहेब गालात हसला. त्याला ठाऊक होतं. भूकंप लिहा, असं तेव्हा सांगायला आला होता तोही त्याच वकिलातीचा माणूस.

५ फेब्रुवारी

दिवसभर शाळेतल्या कविता म्हणत बसलो. सगळ्या पाठ आहेत. काल काय जेवलो ते आठवत नाही.

७ फेब्रुवारी

तळघरातली ती खोली डोळ्यांपुढून हलत नाही. फिरत्या नळकांड्यावर काजळी धरलेला कागद, त्यावर सुई. सुई काजळी खरवडत जायची — काळ्यावर पांढरी रेघ. मला ती वृत्तासारखी वाचता यायची. भूकंप आधी हलकेच चाहूल देतो — लघु, लघु — मग गुरू येतात, लांब, सावकाश. स्फोटाचं पहिलंच अक्षर गुरू. पुढे नुसतं शेपूट. त्या मंगळवारी पहिलंच अक्षर गुरू होतं. नोंदवहीत 'स्फोट' लिहिलं गेलं. खाली नाव माझ्या जोडीदाराचं. त्याला आम्ही घड्याळजी म्हणायचो. तो फाटकात दिसला की बाकीचे आपापली घड्याळं लावून घेत.

आठवड्यानं वकिलातीचा माणूस आला. तेव्हा तो देश त्यांचा दोस्त. दोस्ताकडे बॉम्ब निघाला तर मदत थांबवायची, असा त्यांचाच कायदा. म्हणून दोस्ताघरी फक्त भूकंप होतात! आमच्या मुख्य साहेबांनी नवं पान लिहायला सांगितलं. घड्याळजी म्हणाला, "आधी रेघ बदला, मग शब्द बदलतो."

महिन्याभरात त्याला काढलं. कारण — रेघेचं वाचन येत नाही. नवं पान मी लिहिलं.

१० फेब्रुवारी

घड्याळजी जाऊन नऊ वर्षं झाली. वहिनी दोन गल्ल्या पलीकडे राहतात, अजून शिवणकाम करतात. त्यांना सगळं सांगितलं. मशीन चालूच होतं. यात यांचं नाव येईल का, एवढंच विचारलं. येईल म्हटल्यावर पाय थांबले.

"शेवटपर्यंत लोक यांना अडाणी समजले, भावोजी. आता तो देश त्यांच्या डोळ्यांत सलायला लागला, म्हणून यांना वाचता यायला लागलं होय?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. निघताना मात्र म्हणाल्या, सही करा. कोणासाठी का असेना, नाव तरी धुऊन निघेल.

१४ फेब्रुवारी

निवेदन लिहिलं. तीनदा खोडलं. सूनबाई चहा ठेवताना म्हणाली, "बाबा, त्यांच्या स्वतःच्या कोठारात हजारो बॉम्ब आहेत म्हणे. त्यांची नोंद कोण ठेवतं?" म्हटलं, तेच ठेवतात. अक्षर चांगलं असेल!

पण एक गोष्ट मनातून जाईना. या कागदाच्या जोरावर उद्या तिकडच्या गावांवर बॉम्ब टाकले तर? तेही घड्याळजीचं नाव घेऊन? शेवटी दोन ओळी वाढवल्या — हे तुम्हाला तेव्हाही माहीत होतं, आणि तुम्हीच झाकायला लावलं.

१६ फेब्रुवारी

त्या दोन ओळी काढा, असा निरोप. नाही म्हणालो. बघू, म्हणाले.

२३ फेब्रुवारी

टीव्हीवर हस्तांदोलन. सीमेपलीकडे नवे राज्यकर्ते आलेत. त्यांच्याशी तेलाचा करार, लष्करी तळाला जागा, सगळं ठरलं. पाठोपाठ दुभाष्याचा फोन. फार अदबीनं बोलला. तूर्त त्या जुन्या नोंदीला हात लावायला नको, निवेदनाची गरज उरली नाही, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व.

म्हणजे पुन्हा भूकंप. जमीन तीच, रेघ तीच.

यांचं नाव धुऊन निघणार, असं वहिनींनी तोवर माहेरी कळवून टाकलं होतं.

२४ फेब्रुवारी

आमच्यात एक रीत होती. पाळ्या आपसांत बदलायच्या, नोंदीखाली नाव मात्र तक्त्यावर असेल त्याचं. त्या मंगळवारी घड्याळजी केंद्रावर नव्हताच. रेघ मी वाचली. 'स्फोट' मी लिहिलं. नाव त्याचं घातलं. ती नोंद माझी, याबद्दल चौकशीत त्यानं ब्र काढला नाही. मीही नाही.

आज वहिनींना सांगितलं. त्यांनी मापं लिहायची वही माझ्यापुढे सरकवली.

"हे लिहून द्या, भावोजी. आणि खाली नाव तुमचं घाला."