उभ्या गाडीतला कोंडा

पवनी, मंगळवार संध्याकाळ

आसगावात दिव्यांग निधीतून घेतलेली, म्हाताऱ्या-दिव्यांगांना दवाखान्यात नेणारी गाडी आज पाहिली. सीटवर धानाचा कोंडा!

सरपंच म्हणाले, "डिझेलले निधीच नाही भाऊ, उभीच राहते."

इतक्या निश्चल गाडीत कोंडा कुठून अवतरला? तपोबलाने? राइस मिलच्या वाऱ्या होत असणार. बातमी द्यायची तर सिद्ध कसं करू? कोंडा काही बोलत नाही.

सरपंचांच्या शेजारच्या सखुबाईंचे दोन्ही पाय अधू. परवा भंडाऱ्याला तपासणी. "मले कोन नेते बाप्पा?" म्हणाल्या.

मग सरपंचांना गोडीत म्हटलं, "गुरुवारी सखुबाईंना गाडीत बसवताना तुमचा फोटो पेपरात टाकतो."

"सकाळी आठले दारात गाडी लावतो नं!"

डिझेल कुठून आणणार, ते विचारलं नाही. विचारीन, सखुबाई तपासणी करून घरी परतल्यावर.