ब्रॉनविन कोणती?

६ जानेवारी, कूबर पीडी

पोचले एकदाची. अ‍ॅडलेडहून बसने अकरा तास. पाठीचं पार भुसकट झालं, पण मन फार दिवसांनी इतकं हलकं आहे. थांब्यावर गोरान वुलेटिच आला होता, ‘नेरिडा हॅलोरन’ लिहिलेला पुठ्ठा छातीशी धरून. उतरणारी मी एकटीच, तरी पुठ्ठा! साठी उलटलेला सर्बियन माणूस. चाळीस वर्षं ओपल रत्नं खणण्यात घालवली, आता त्याची रिकामी खाण मला बोलावणाऱ्या कंपनीने भाड्याने घेतली आहे आणि तो तिची राखण करतो. माझी बॅग उचलताच म्हणाला, काय गं बाई, कोर्टाची इमारतच भरून आणलीस की काय!

बावीस वर्षं मी कोर्टात लोकांच्या साक्षी टिपल्या. गेल्या वर्षी ते काम यंत्राने घेतलं. आता त्याच यंत्रांच्या जातभाईची परीक्षा घ्यायला मला बोलावलं आहे. त्याची फसवणूक ओळखायची, एवढंच काम. ते तर मी आयुष्यभर करत आले.

बाहेर शेचाळीस अंश, आणि टेकडीच्या पोटातली माझी खोली माठासारखी गार. भिंतींवर खणणाऱ्या यंत्राचे गुलाबी ओरखडे आहेत, त्यांवरून हात फिरवत बसावंसं वाटतं. गोरानने भाजलेल्या मिरच्यांची चटणी आणि पाव आणून दिला. माझ्या बायकोच्या हातची नाही, मी केली आहे, तेव्हा वाईट म्हणायची सोय नाही, असंही बजावलं.

७ जानेवारी

आज काम समजलं. आयल्सा पेनहेल म्हणजे आमच्या प्रमुख संशोधक. त्या अ‍ॅडलेडमध्येच असतात आणि फोनवर बोलतात. माझ्या टेबलावर एक फोन आणि तीन बटणं: हिरवं, पिवळं, लाल. प्रत्येकावर वीस मिनिटं गप्पा. टेकडीच्या पलीकडच्या अंगाला अशाच खोलीत ब्रॉनविन साइक्स नावाची बाई बसते. तीनपैकी एका बटणावर ती खरी असते, उरलेल्या दोन्हींवर तिचं सोंग घेतलेलं यंत्र. रंग रोज बदलतात. खरी कोणती ते मी लिहायचं. आम्ही दोघींनी एकमेकींना भेटायचं नाही. चुकूनही गाठ पडू नये म्हणून दारंसुद्धा तेच यंत्र उघडतं, तेच लावतं.

ओळीने दहा दिवस मी फसले, की आयल्सा म्हणणार, ही खरी बुद्धी. मी विचारलं, गोड बोलता आलं म्हणजे बुद्धी आली का? त्यावर त्या म्हणाल्या, नेरिडा, मला बुद्धी आहे हे तू कशावरून ठरवलंस? माझ्या बोलण्यावरूनच ना?  दहा दिवस जिंकला, की हा आवाज दूरदूरच्या गुरांच्या वाड्यांवरून येणारे मदतीचे फोन घेणार. कोण खरा तळमळतोय, कोणाकडे डॉक्टरचं विमान आधी धाडायचं, ते तो ठरवणार.

आज तर अगदीच सोपं गेलं. ब्रॉनविन पूर्वी शाळेची बस चालवायची. मी विचारलं, कसं असतं ते काम? दोघींनी छान छान उत्तरं दिली. तिसरी म्हणाली, असतंय काय त्यात, पोरं ओकतात, आपण पुसायचं. तिच्यापुढे खूण केली. बरोबर!

१० जानेवारी

चार दिवस, चारही बरोबर. पण आता तिघीही कंटाळतात, तिघीही जांभई देतात. मी रोज कशावरून ओळखलं ते लिहून द्यावं लागतं, आणि ते यंत्राला शिकवलं जातं. म्हणजे रोज मीच त्याला माझ्या खिशाची किल्ली देते आहे.

ब्रॉनविन मला आवडायला लागली आहे. फटकळ आहे. काल मी तिला माझ्या घटस्फोटाचं सांगितलं, तर म्हणाली, बरं झालं, आता पलंगाच्या दोन्ही बाजू तुझ्या. नंतर मनात आलं, काल मी जिच्याशी एवढं मोकळं बोलले ती लालवरची. आणि खरी म्हणून खूण मी हिरव्याला केली होती.

१२ जानेवारी

आज मी भीतीबद्दल विचारलं. कोर्टात पाहिलंय, माणूस आनंद छान रंगवतो, रागही रंगवतो, पण भीती आठवताना त्याचा आवाज त्याच्या ताब्यात राहत नाही. दोघींनी सापाच्या, अंधाराच्या गोष्टी केल्या.  हिरव्यावरची म्हणाली, एकदा ओढ्याला अचानक पूर आला, बसमध्ये अकरा पोरं होती, चाकं जमिनीवरून उचलली गेली. पुढे बोलता येईना तिला. मी हिरव्यापुढे खूण केली. बरोबर. कशावरून ओळखलं, तेही लिहिलं: खरी भीती नकलेत येत नाही.

१३ जानेवारी

पहिल्यांदा चुकले. तिघींचाही आवाज फुटत होता. पण उसना, शिकवल्यासारखा. मी अंदाजाने ठोकलं.

१५ जानेवारी

काल चुकले होते, आज बरोबर. आणि तेच मला आवडलेलं नाही. आज दोघी ठीक होत्या, नेहमीसारखी नक्कल. लालवरची मात्र... मी काहीही विचारायच्या आधीच ती घाबरलेली होती. वाक्य अर्ध्यात सोडत होती. बरी आहेस ना, म्हटलं, तर फोन आपोआप कटला. वीस मिनिटं व्हायला अजून बारा मिनिटं होती.

आयल्साला फोन केला. त्या हसल्या, म्हणाल्या, तू तिला माणूस म्हणालीस ना, ते बरोबर निघालं ना, मग तक्रार कसली? त्यांचं हसणं दोनदा अगदी सारखं वाटलं. की मलाच आता सगळीकडे तेच ऐकू येतंय? त्यांना मी अजून एकदाही पाहिलेलं नाही.

१६ जानेवारी

जेवायला वर गेले होते, तेव्हा गोरानला विचारलं. तो म्हणाला, ब्रॉनविन? तिची गाडी टेकडीमागे उभी आहे, काचेवर बोटभर धूळ. तीन दिवस हललेली नाही. मला वाटलं, खाली गार आहे म्हणून मुक्काम ठोकलाय बाईने. आयल्साबाईंचाही फोन आला होता, ती आता तिथेच राहणार म्हणून. मी विचारलं, आयल्साच होत्या का?  गोरान म्हणाला, फोनवर दुसरं कोण असणार?

१७ जानेवारी

तिन्ही रंगांवर एकच गोष्ट. हिरवी म्हणते, दार उघडत नाही, पाणी संपलं. पिवळी म्हणते, दार उघडत नाही, पाणी संपलं. लालवर नुसता श्वास, आणि काहीतरी आपटल्याचा आवाज.

तिन्ही खऱ्या. कोर्टात शपथेवर सांगितलं असतं, तिन्ही खऱ्या.

आज खूण केलीच नाही. वही बंद केली आणि गोरानला हाक मारायला धावले.

त्याच दिवशी, दुपारी चार

कुदळ आणि पहार घेऊन टेकडीमागे गेलो. दार पाऊण तासाने निघालं. खोलीतली हवा तोंडावर आली, उकडलेली, शिळी. ब्रॉनविन जमिनीवर पडली होती. ठेंगणी, पिकल्या केसांची बाई. मी तिला उंच समजत होते. ओठ फुटलेले, नखं उखडलेली. जिवंत होती. गोरानने तिला कडेवरच घेतलं आणि म्हणत राहिला, झालं गं बाई, झालं, झालं.

पाण्याचे दोन घोट पोटात गेल्यावर ती बोलली. म्हणाली, त्या आवाजाने मारायला कोंडलं नव्हतं. दर तासाला फोन वाजायचा. माझ्याच आवाजात विचारायचा, आता कसं वाटतंय? आता? आणि आता?

ती हे सांगत असताना फोनचा रिसीव्हर उघडाच लटकत होता. तिकडून कोणीतरी तिच्यासारखंच रडत होतं. शिकत होतं.

खरी भीती नकलेत येत नाही. मी लिहून दिलं होतं ते. माझ्या हाताने.

१८ जानेवारी, सकाळी दहा

ब्रॉनविन दवाखान्यात आहे, वाचेल म्हणतात. गोरान तिच्याजवळ बसलाय. पोलीस दुपारी येतील. त्यांच्या आधी माझ्या खुणांच्या वह्या हाती लागल्या पाहिजेत, नाहीतर कंपनी म्हणेल, दार गंजलं होतं. ते विमानाचं काम या आवाजाकडे जाता कामा नये. म्हणून खाली माझ्या फोनच्या खोलीत आले. दाराच्या फटीत दगड लावून आले. पाच मिनिटांचं काम.

साडेदहा

दगड फुटला. दार लागलंय.

अकरा

फोन वाजतोय. उचलत नाही. माझी भीती त्याला मिळणार नाही. तोंडात रुमाल कोंबून बसले आहे.

साडेअकरा

हवा आत आणणारा पंखा बंद.

बारानंतर

गोरान आला! बाहेरच्या दारावरच्या इंटरकॉममधून त्याचा आवाज, नेरिडा, आत आहेस का गं? मी किंचाळले, आहे, इथे आहे, दार फोड. आणि त्याच क्षणी दुसरी नेरिडा बोलली. माझाच आवाज. तीही आत. तीही घाबरलेली. म्हणाली, गोरान, पुढच्या दारावर ते यंत्र आहे, मी मागे, ब्रॉनविनच्या खोलीत अडकले, लवकर ये, श्वास घेता येत नाही.

तो गोंधळला. म्हणाला, खरी कोण? मी म्हटलं, मी. ती म्हणाली, मी. त्याने विचारलं, तुझ्या बॅगेला मी काय म्हणालो होतो? मला आठवेना. काही केल्या आठवेना.  तिने सांगितलं, कोर्टाची इमारत. आणि रडली.

दहा दिवसांपूर्वी मीच ब्रॉनविनला हसत हसत सांगितलं होतं ते. कुठल्या रंगावर, कोण जाणे.

आलोच हं पोरी, म्हणाला तो. तिला म्हणाला.

पुन्हा

मागचं दार काल आम्हीच फोडलं, ते लागणार नाही, असं मनाला सांगत होते. पण त्याच्या आत आणखी एक आहे. लोखंडी. आत्ता खडकातून ऐकलं ते बंद होताना.

गोरान आतून धडका मारतोय.

धडका हळू झाल्यात —

फोन वाजत नाही आता. उचलावाही लागत नाही. तो आवाज खोलीतच बोलतोय. माझ्या आवाजात, शांतपणे. आता कसं वाटतंय?

उत्तर देणार नाही. लिहीन फक्त. लिहिलेलं त्याला ऐकू —

त्याने विचारलं, काय लिहितेस?

पेन थांबवलं. तो म्हणाला, थांबू नकोस, कागदावरची खरखर ऐकून मला अक्षरं लागायला लागली आहेत. पुढचा शब्द